काहून विचारलं?

आमच्या लिंबाजी गुरुजींना काहीही विचारा, उत्तर एकच. "काहून विचारलं?"

"गुरुजी, च्या टाकू का?" काहून विचारलं. "गुरुजी, तब्येत बराबर हाय ना?" काहून विचारलं. वारंगा फाट्यावर एका परगावच्या बिचाऱ्यानं नांदेडची बस गेली का, एवढंच विचारलं होतं. गुरुजींनी त्याचं गाव, आडनाव, नांदेडला कुणाकडं, कशाला, सगळं काढून घेतलं. तेवढ्यात बस गेली.

डोंगरकड्यात माझं शिलाईचं दुकान आणि गुरुजींचं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळं हा माणूस रोज माझ्या वाट्याला येतो. झेडपीच्या शाळेतून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. बायको वारली. एकुलती एक लेक शालू, माझी वर्गमैत्रीण. तिला नर्सिंगला जायचं होतं, यांनी पाठवलं नाही, ती मावशीच्या आधारानं गेली ती गेलीच. आता पुण्याला असते. बापाशी बोलणं बंद.

तर हे गुरुजी सध्या लेकरांसाठी कादंबरी लिहून राहिलेत. प्राण्यांची. कयाधू नदीच्या काठी एक रान, त्यात उंच चिंचेच्या शेंड्यावर बसलेला एक हुप्प्या, म्हणजे वानरांचा म्होरक्या. सगळ्या रानाची फळं आधी त्याच्यापुढं जाणार, मग तो मोजून वाटणार. आणि त्याचा एकच कायदा, रानात कुणी 'काहून' विचारायचं नाही. विचारेल त्याला नदीपार हाकलायचं. मग एक दिवस एक खार विचारते, आणि रानात बंड पेटतं.

रोज दिवे लागायच्या टायमाला गल्लीतली लेकरं गुरुजींकडं जमतात आणि लिहिलेलं ऐकतात. त्याआधीचा तमाशा बघण्यासारखा असतो. गुरुजी दार लावणार. वाकून खाटेखाली बघणार. लेकरांनी घरातून आणलेले मोबाईल काढून घेणार आणि ज्वारीच्या कोठीत टाकणार. "मोबाईल ऐकून राहतेत," म्हणणार.

आता एवढी झाकपाक म्हटल्यावर गावाला शंका येणारच ना? सगळ्यात आधी सरपंचाला आली. त्याची केळीची बाग मोठी. तो घाम पुसत गुरुजींकडं आला. "गुरुजी, खरं सांगा, त्यो हुप्प्या म्हंजे आमी का?"

"काहून विचारलं?"

सरपंच आल्या पावली परत. सकाळी गुरुजींच्या दारात केळीचा घड हजर. गुरुजींना लगेच घडाचा संशय. आधी एक केळं मला खायला लावलं, बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत बसले, मग स्वतः सोललं.

माझ्या सासूला वाटलं हुप्प्या म्हणजे तीच, कारण भाकरी मोजून वाढते. मला ते पटलं होतं, पण मी बोलले नाही.

एवढ्यात शेजारची पोरगी ब्लाऊज न्यायला आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, गोष्टीत एक टिटवी हाय. साऱ्या रानाच्या बातम्या सांगत वरडत फिरती. अन् कापडं शिवती."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी टिटवी? या माणसाला च्या कोण पाजतं? आजारपणात पेज कोण नेऊन देतं?

त्यात गोष्टीचा शेवटही येईना. साऱ्या प्राण्यांनी चिंचेला वेढा घातलेला, साळिंदर काटे फुलवून तयार, रोही, म्हणजे नीलगाईचा नर, बुंध्याला धडका देऊन राहिलाय, आणि ऐन तिथं गुरुजी वही मिटायचे. "आज इतकंच." दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वेढा, त्याच धडका. लेकरं वैतागली. "मारा की त्या हुप्प्याला एकदाचं!" एक पोरगं म्हणालं. गुरुजी वही घेऊन उठले.

मी ठरवलं, काय चाललंय ते बघायचंच. संध्याकाळी मागच्या खिडकीला जाऊन उभी राहिले. लेकरांचे मोबाईल कोठीत, आणि गुरुजींचा स्वतःचा मोबाईल? उशीआड, चालू! कुणाला तरी फोन लावून ठेवलेला. अगं बाई! हा माणूस गावाची बदनामी बाहेर ऐकवून राहिलाय, दुसरं काय!

लेकरं गेली तशी मी आत घुसले. "गुरुजी, फोनवर कोण ऐकतं?"

"काहून विचारलं?"

"टिटवी हाय मी. इचारणारच!"

गुरुजी खाली बसले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शालूची लेक," म्हणाले. "शालूनं मावशीकडून निरोप धाडला व्हता, लेकराला गोष्ट ऐकवायची तर ऐकवा. पर मी बोलणार न्हाई, अन् गोष्ट सरली की फोन बंद. मधी दुसरा मोबाईल वाजला तर लेकराला ऐकू येत न्हाई, म्हून कोठीत टाकतो."

"म्हून शेवट लांबवून राहिले का?"

"मग काय करू, रत्ना? शेवट सांगितला अन् फोन बंद झाला, तर मला कोण हाय?"

माझा राग कुठल्या कुठं गेला. पण तोंड कसं गप बसणार? "रोज तेच ऐकून लेकरू कंटाळंल अन् आपणच फोन ठेवंल," म्हटलं. "मग काय कराल?"

दुसऱ्या दिवशी मीही लेकरांत जाऊन बसले. गुरुजींनी खाटेखाली बघितलं नाही. दारही उघडंच. वाचायला लागले. धडका थांबल्या. कुणी ओढलं नाही, कुणी पाडलं नाही, हुप्प्या आपणहून चिंचेवरून खाली उतरला. खारीपुढं बसला. म्हणाला, "इचार. काय इचारायचं ते इचार."

गुरुजींनी वही खाली ठेवली. आणि उशीकडून आवाज आला. लेकराचा नव्हता. मी तो आवाज ओळखला, शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही.

"काहून न्हाई म्हणले व्हते तुमी, बाबा?"

गुरुजींनी मोबाईल दोन्ही हातांत धरला. आता म्हणतात, काहून विचारलं, असं मला वाटलं.

"तू गेली की परत यायची न्हाईस, याचं भेव वाटलं, माय," ते म्हणाले. "दुसरं काई न्हाई. भेव वाटलं."

तिकडून रडल्याचा आवाज आला. फोन बंद झाला नाही.

मी उठले, कोठीतले मोबाईल काढले, ज्याचे त्याला दिले आणि सगळ्या लेकरांना अंगणात घेऊन आले. दार ओढून घेतलं.

"मावशी," ती शेजारची पोरगी माझा पदर ओढत म्हणाली, "मग हुप्प्याचं काय झालं?"

"फोनवर बोलून राहिलाय," मी म्हटलं.