चेअरमनबाईंसह ऐतिहासिक सहल

आटलेली म्हैस.

इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा.

दगडी हत्ती.

मटणाच्या रश्श्याची बादली, वर ताट झाकलेलं.

“दुष्काळ पाण्याचा पडतो साहेब, इतिहासाचा नाही पडत!”

यातलं शेवटचं वाक्य तेवढं गहिनीनाथ सरांचं, प्राचार्यांना ऐकवलेलं. बाकीचं सगळं नंतर त्यांच्या गळ्यात पडलं.

सर युसूफ वडगावच्या कॉलेजात इतिहास शिकवत. शिकवत म्हणजे, फळ्याला. समोर बसायला कुणी नसायचं! प्राचार्यांनी बजावलं होतं, जूनमध्ये बाकं भरली नाहीत तर विषय बंद. विषय बंद म्हणजे सर बंद. म्हणून दहावीची परीक्षा संपलेल्या पोरापोरींना मॅटाडोरमध्ये घालून सर शनिवार-रविवारच्या सहलीला निघाले. अंबाजोगाई, धारूर, बीड. एकदा दगड बघितले की पोरं इतिहासाला चिकटलीच म्हणून समजा!

पोरींच्या आया म्हणाल्या, “सोबत बाईमाणूस पायजे.” शिवकन्या नावाच्या पोरीनं आपली आत्या दिली, सुंदरबाई. गावातल्या महिला दूध सोसायटीच्या चेअरमन. सलग दुसऱ्या कोरड्या वर्षी सोसायटीत दूध तांब्याभरसुद्धा जमत नव्हतं. पण सोमवारी तालुक्याच्या दूध संघाची निवडणूक होती, आणि बाईंची म्हैस आटली तरी मत आटलं नव्हतं.

आता मतदाराला दोन दिवस आधी उचलायचं, देवदर्शन घडवायचं, जेवू घालायचं आणि मतदानाच्या सकाळी थेट पेटीसमोर उतरवायचं, ही आपल्याकडची रीत. सरांनाही ती ठाऊक होती. पण त्यांचं डोकं त्या वेळी सोळाव्या शतकात होतं!

अंबाजोगाईला चहाच्या टपरीवर ड्रायव्हर बंकटनं छाती फुगवून सांगितलं, “आमच्या गाडीत चेअरमनबाई हायेत, चेअरमनबाई!”

झालं. सर हत्तीखान्याच्या लेण्यात पोचतात न पोचतात तोच मागून जीप आली. जीपमधून बिभीषण उतरला, संघाच्या विरोधी पॅनलचा म्होरक्या. सदरा असा कडक, की माणूस काढून घेतला तरी उभा राहिला असता.

सर सांगत होते, “पोरांनो, हा हत्ती कुणी आणून ठेवलेला नाही. इथल्याच कातळातून कोरलाय. चुकीला जागा नव्हती.”

पोरं आ वासून बघत होती. बिभीषण म्हणाला, “सर, आमच्या सुंदरआक्काला कुणाच्या सांगण्यावरून पळवलं?”

“पळवलं? आम्ही हत्ती बघतोय!”

“हत्ती? हे कंच्या पॅनलचं चिन्ह?”

बिभीषणनं पोरांना बर्फाचे गोळे वाटले. दुष्काळात बर्फ! हत्तीकडे मग कुणी ढुंकून बघितलं नाही.

धारूरच्या किल्ल्यात दुसरी जीप. संघाचे चालू चेअरमन विठ्ठलराव जातीनं आलेले, सोबत रश्श्याची बादली.

“सुंदरबाई, बिभीषणाच्या गाडीत कावून गेलात?”

“मी पोरींच्या गाडीत हाय. आन् मी एकटीच खाऊ व्हय? लेकरं काय त्वांडाकडं बघत बसतील?”

मग काय! विठ्ठलरावांनी बादल्या वाढवल्या, बिभीषणनं जिलबी मागवली. सर बुरुजावर उभे राहून वेढ्याचं वर्णन करत होते, आणि खाली पंगतीचा वेढा पडला होता. “तोफ इकडून आली!” सर ओरडले. खालून आवाज आला, “हिकडं बी वाढा!”

रविवारी नेकनूर, मांजरसुंबा करत मॅटाडोर बीडकडे निघाली, मागे दोन जीपा. वरात म्हणावी तर नवरा कोण ते कळेना. सर खिडकीशी मान टाकून बसले होते.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “माझा विषय बुडाला. पोरांना बादली आठवेल, बुरुज नाही.”

सुंदरबाईंनी पदर खोचला. खजाना बावडी या जुन्या विहिरीशी गाडी थांबताच त्या दोन्ही पुढाऱ्यांना म्हणाल्या, “आज वाढप बंद. सर सांगत्यात ते जो खाली बसून शेवटपातुर ऐकंल, त्याचं बघू.”

दोघंही पायऱ्यांकडे असे धावले, की जणू मतमोजणी तिथेच होती!

आणि सर? दोन दिवस ज्या व्याख्यानाची जुळवाजुळव केली होती, ते पहिल्याच पायरीवर सांडलं. वाटेतल्या सगळ्या विहिरींनी तळ दाखवला होता. गावोगाव टँकरच्या वाटेला डोळे लागलेले. आणि इथे दगडी कमानीखाली पाणी होतं. गार, नितळ, अंधारातून सावकाश येणारं. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी जमिनीच्या पोटातून त्याला वाट करून दिली होती, आणि ते अजून त्याच वाटेनं येत होतं. पोरं वाकून वाकून बघत होती. बंकटसुद्धा!

ओंजळभर पाणी आक्काला आधी आपण द्यावं म्हणून बिभीषण वाकला. पाय सटकला. त्यानं विठ्ठलराव धरले. धप्प! दोन्ही पॅनलं पाण्यात.

“अरे, काढा त्यांना!” सर ओरडले.

“थांबा बे, कुणी हात लावू नगा,” विठ्ठलराव डोळे मिटून म्हणाले. “जरा बसू द्या.”

“लई दिवसांनी अंगाला इतकं पाणी लागलं,” बिभीषण म्हणाला. कडक सदरा पाण्यावर फुगून तरंगत होता. दोघं शेजारी शेजारी, म्हशींसारखे निवांत.

“सांगा आता, सर,” सुंदरबाई म्हणाल्या.

सरांनी सांगितलं. निजामशाही, तिचा सरदार, कारागीर, भुयारं. विठ्ठलरावांनी एक डोळा उघडला.

“हा सरदार निवडून आलता का?”

“नाही. नेमलेला होता.”

“पुन्हा उभं ऱ्हायचं व्हतं?”

“नाही हो.”

“मग इतकं कावून बांधलं?”

सरांनी कमानीखालच्या अंधारातून येणाऱ्या पाण्याकडे बोट केलं. सगळे तिकडे बघू लागले. पाण्यातले दोघंही.

“सर,” शिवकन्या हळूच म्हणाली, “इथं ज्यांनी खांदलं, त्यास्नी कसं कळलं पाणी कुठं हाय ते?”

तीस वर्षांच्या फळ्याला हा प्रश्न कधी पडला नव्हता!

जूनमध्ये इतिहासाची बाकं कमी पडली. खिडकीतसुद्धा पोरं. प्राचार्य दारात उभे राहून डोळे चोळत होते. सरांनी शिवकन्येकडे बघितलं, खडू उचलला आणि अभिमानानं विचारलं, “सुरुवातीला काही शंका?”

अख्ख्या वर्गानं हात वर केला.

“सर, पुढची निवडणूक कंची हाय?”

दूध संघाची निवडणूक टंचाईमुळे सहलीच्या आदल्या शुक्रवारी संध्याकाळीच पुढे ढकलली होती, आणि तो कागद संघाच्या बंद कचेरीत सोमवारपर्यंत पडून होता.