पोरी पळवणारे सर

भदाणे सर एसटीत मागच्या सीटवर बसले होते आणि मी एसटीच्या मागे पळत होते. जळगावहून पहूरला जाणारी संध्याकाळची ती गाडी चुकली, की पुढचीचा काही भरवसा नसायचा. मी ओरडत होते, मागच्या काचेतून लोक बघत होते. कंडक्टरने घंटीच्या दोरीला हात घातला, तेवढ्यात सरांनी त्याचा हात धरला.

"थांबवू नका हो. जरा पळू द्या तिला."

"अहो काका, पोरगी राहील ना मागं!"

"नाही राहत. पुढच्या गतिरोधकापर्यंत टिकते की नाही, ते बघू."

गाडीतल्या बायकांनी सरांना काय काय ऐकवलं, ते त्यांच्यातल्याच एकीने मला नंतर सांगितलं. सगळं इथे लिहिता येणार नाही. गतिरोधकाला गाडी हळू झाली, मी दाराचा दांडा पकडला, तर मला आत ओढून घेणारे सरच.

"दमलीस?"

"हो."

"खोटं. दमलेल्या माणसाच्या तोंडून 'हो' निघत नाही. नुसती मान हलते."

हे गृहस्थ माझ्याच कॉलेजात धावण्याचे प्रशिक्षक आहेत, हे मला पहूर येईपर्यंत कळलं नाही. मी पहिल्या वर्षाला होते. कॉलेजात वर्गाची खोली सोडून दुसरीकडे कुठे जायचं असतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

ठाऊक असणार कुठून? आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक आतून पाहिलेलं नाही. हे मी खाली मान घालून सांगत नाही, वर करून सांगते. वडील, म्हणजे आमचे आबा, बाजारात पोती उचलायचे. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची. घरात बायकांच्या चपला दोन जोड. एक बरा, एक तारेने शिवलेला. आई माझ्याआधी उठायची आणि शिवलेला घालून निघून जायची, म्हणजे कॉलेजात मला बरा जोड राहील. त्याच बऱ्या जोडावर मी एसटीमागे पळत होते.

पुढच्या रविवारी सर आमच्या दारात हजर.

"परवा तुमची मुलगी पाहिली," ते आबांना म्हणाले. "म्हटलं, घरी येऊन बोलणं करावं."

मुलगी पाहिली आणि बोलणं करायचं म्हटल्यावर आईने दुसरं काय समजावं? ती आत पळाली. शेजारच्या कमलमावशीकडून पोहे आले, बशा आल्या, मावशीची जांभळी साडीही आली. मी काही बोलायच्या आत मला त्या साडीत गुंडाळून बाहेर उभं केलं.

सरांनी मला ओळखलंच नाही. त्यांना चेहरा लक्षात राहत नाही, माणसाची चाल राहते. आमच्या प्राचार्यांनासुद्धा ते पावलांवरून ओळखायचे. "डाव्या टाचेवर भार. साहेब आले," असं म्हणून मग मागे वळायचे. तेव्हा ते मला म्हणाले, "बाळ, जरा चालून दाखव."

मी चालले. आबांना यात काही वावगं वाटलं नाही. बघायला आलेली माणसं मुलीला चालायला लावतातच. पण सर नाराज झाले.

"साडीत कळत नाही हो. पाय दिसले पाहिजेत."

आबांचा चेहरा बदलला. तरी त्यांनी रीत सोडली नाही. "मुलगा काय करतो?"

"कुणाचा मुलगा? मला मुलं आहेत, भरपूर आहेत. मुली मिळत नाहीत. मला सहा मुली पाहिजेत."

"सहा?"

"पाच झाल्यात. तुमची एक पळवली, की झालं."

आबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. पोती उचलणाऱ्या माणसाने हातातली बशी खाली ठेवली, की काय होऊ शकतं ते मला माहीत होतं. कमलमावशी तर ओट्यावरून ओरडलीच, "अगं, पोरी पळवणारा आलाय गं!"

सरांना काही उमगलं नाही. आपल्याला नीट समजावता येत नाही, एवढंच त्यांना वाटलं असावं. ते उठले, पँट दोन्ही हातांनी वर ओढली आणि अंगणातल्या लिंबाभोवती स्वतः पळायला लागले. निवृत्तीला आलेला माणूस, पोट सुटलेलं, पोहे नुकतेच पोटात गेलेले. गल्लीतली पोरं मागे लागली. पहिली हसली ती आई. मग आबांनी विचारलं, "म्हणजे शर्यतीत पळवायचं म्हणता?"

"मग मी दुसरं काय म्हणतोय मघापासून?"

तेव्हापासून गावात ते 'पोरी पळवणारे सर' झाले. कोणी तोंडावर म्हटलं, तरी ते खूश व्हायचे.

मुलांचे संघ त्यांनी कितीतरी घडवले. क्रीडा विभागाच्या कपाटात मावत नाहीत इतके करंडक, उरलेल्यांत शिपाई पेनं ठेवतो. पण क्रॉस कंट्रीचा मुलींचा पूर्ण संघ त्यांना एकदाही उतरवता आला नव्हता. कॉलेजच्या संघात सहा जणी लागतात. दरवर्षी पाचवर गाडी अडायची. कुणाचं लग्न ठरायचं, कुणाचा भाऊ आडवा यायचा, कुणाला घरचे कापसाच्या दिवसांत सोडायचे नाहीत. "पाच म्हणजे पाच पोरी," सर म्हणायचे, "संघ नाही." हे म्हणताना ते कुणाकडे बघायचे नाहीत. यंदाची त्यांची शेवटची शर्यत होती.

सकाळी आम्ही जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी पळायचो. आमच्या ओढण्या आडव्या यायच्या म्हणून सर त्या गोळा करून स्वतःच्या खांद्यावर टाकायचे. लाल, हिरव्या, टिकल्यांच्या सहा ओढण्या घेऊन काठावर उभा असलेला माणूस. फिरायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "केवढ्याला दिल्या?"

"विकायच्या नाहीत, ताई. मालकिणी येऊ राहिल्यात."

कार्यालयात ते पुस्तकी मराठी बोलायचे. आम्ही पळायला लागलो, की त्यांच्या तोंडून थेट अहिराणी निघायची. आम्हा सगळ्यांना पाणी भरायची सवय, त्यामुळे पळतानाही हात ताठ, मुठी आवळलेल्या. "हात सोड वं माय! हातमा बादली शे का?" आमच्यातली शबाना, बांगडीवाल्यांची मुलगी, एकदा पळता पळता म्हणाली, "सर, बादली नाही, पण बांगड्या फुटतील ना!" दुसऱ्या दिवसापासून सर खांद्यावर ओढण्या आणि मनगटात शबानाच्या बांगड्या घालून उभे राहू लागले.

शर्यत धुळ्याला होती. सुरुवातीच्या रेषेवर आम्ही सहा जणी उभ्या राहिलो आणि सर दिसेनात. बाकीच्या कॉलेजांचे प्रशिक्षक शेवटच्या रेषेपाशी घोळका करून होते. आमचे तिथेही नव्हते.

शर्यत सुरू झाल्यावर ते मला वाटेतल्या टेकाडावर सापडले. मी सर्वांत मागे होते. चढ अर्ध्यावर आला आणि पोटात अशी कळ आली, की मी खाली बसले. डोळ्यांपुढे धूळ नुसती. मी उठले नाही तर यंदाही पाचच, हे मला कळत होतं. पाय ऐकत नव्हते.

सर पळत खाली आले. माझ्यावर वाकून उभे राहिले. बोलली ती त्यांच्या मागून आलेली एक म्हातारी. हिरवं लुगडं, अनवाणी, कमरेला पिशवी खोचलेली.

"काय वं, काय व्हयनं? हाई पोर पयस का बसस? मन्ही म्हैस बरी पयस!"

तिची म्हैस माझ्यापेक्षा बरी पळते, हे ऐकून मला इतका राग आला, की मी उठले. म्हातारी माझ्या बाजूने चढावर पळायला लागली. लुगडं गुडघ्याच्या वर, हात मोकळे, पावलांचा आवाजसुद्धा नाही. मी जीव तोडून पळत होते आणि ती मला शिव्या घालायला दम राखून होती. टेकाडाच्या माथ्यावर ती थांबली. "जाय आते. उतारले कोनीबी पयस."

मी पोहोचले. शर्यत पार पडल्यावर आम्ही झाडाखाली शेंगदाणे आणि गूळ खात बसलो, तेव्हा कळलं की ही सरांची मोठी बहीण. साक्रीकडच्या त्यांच्या गावाहून एसटीने एकटी आली होती.

"हाऊ दरसाल फोन करस," तिने सरांकडे बोट दाखवलं. "अक्का, यंदा पोरीस्ना संघ शे, तू ये. मंग परत फोन करस, नको येऊ. यंदा दुसरा फोन उनाच नही. मंग मी निंघी उनी."

शबानाने विचारलं, "अक्का, तुम्ही कुठं शिकलात एवढं पळायला?"

"शेळ्यास्ना मांगे." ती हसली. "शाळाना मास्तर माले लेवाले उना व्हता. तालुकाले पयाले. बाप म्हने, पोरगी काय कामनी, पोऱ्याले लई जा. मंग मन्हा जागावर हाऊ गया."

तालुक्याला पळायला तिच्या जागी सर गेले, हे तिने अगदी सहज सांगितलं, आणि गुळाचा खडा तोंडात टाकला. सर उठले आणि कोणाकडे न बघता पाणी आणायला निघून गेले. बाटल्या आमच्यासमोर भरलेल्या होत्या. बराच वेळ ते नळाशी पाठमोरे उभे होते. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या त्याले."

निकाल बघायला मीच गेले. संघांमध्ये आमचा नंबर शेवटून दुसरा होता.

सर त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले. मी पुढे बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. भदाणे सरांच्या सगळ्या नोकरीत मुलींचा पूर्ण संघ एकदाच उतरला, आणि त्या संघाने शर्यत पूर्ण केली. त्यात मी सहावी होते.