नमुना तीन प्रतींत

खनिज कक्षाच्या नियमावलीतील कलम अकरा असे सांगते की, वर्गीकरण न झालेले खनिज प्रदर्शनात ठेवता येणार नाही; आणि कलम बारा असे सांगते की, कलम अकराला अपवाद नाही. संग्रहपालांना ही दोन्ही कलमे तोंडपाठ होती. एकतीस वर्षे त्यांनी संग्रहालयाच्या तळमजल्यावर दगडांवरची धूळ झटकली होती, चिठ्ठ्या लिहिल्या होत्या आणि "साहेब, यातल्या कुठल्या दगडात सोनं आहे?" या प्रश्नाला न चिडता उत्तर दिले होते. सहकारी पाठीमागे त्यांना दगडोबा म्हणत. ते त्यांना ठाऊक होते आणि, खरे सांगायचे तर, मनातून थोडेसे आवडतही होते.

या दगडोबांच्या घरी, कपाटात चादरींच्या खाली, पत्र्याच्या डबीत एक दगड होता. त्यांचे वडील तांब्याच्या खाणीत सुरुंग लावायचे. खाण बंद व्हायच्या आदल्या दिवशी शेवटच्या बोगद्यात त्यांना तो सापडला आणि जेवणाच्या डब्यातून त्यांनी तो घरी आणला. अंगठ्याच्या नखाएवढा, मोरपंखी रंगाचा, सुयांसारख्या बारीक स्फटिकांचा. पुढे खाणीत पाणी भरले, वडील गेले, डबी राहिली. संग्रहपालांनी अकरा महिने सुट्टीच्या दिवशी विद्यापीठातल्या एका मित्राचे यंत्र उसने वापरून त्याची तपासणी केली. तांबे, थोडे कॅल्शियम, भरपूर पाणी, आणि आर्सेनिकभोवती चार-चार ऑक्सिजन. म्हणजे आर्सेनेट. जगातल्या सगळ्या याद्या त्यांनी पालथ्या घातल्या, कुठेच जुळेना. म्हणजे जगात असा दगड एवढा एकच, आणि तो आपल्या चादरींखाली! त्या दिवशी संग्रहपालांना जेवणच गेले नाही.

"बघ बाबा," आई म्हणाली, "तुझ्या बाबांनी आयुष्यभर जे काढलं ते दुसऱ्यांच्या ट्रकात गेलं. हा एवढाच घरी आणला. काचेत ठेव, खाली त्यांचं नाव लाव. माझं डोळ्याचं ऑपरेशन झालं की मी स्वतः येऊन बघणार."

"तू ये तर खरी. सगळं व्यवस्थित करतो," संग्रहपाल म्हणाले. एकतीस वर्षे नोकरी केलेल्या माणसाने असे वाक्य बोलायला नको होते.

अर्जाचा नमुना ख-सात. पहिला रकाना: खनिजाचे नाव. त्याच्यापुढे छापलेली सूचना: 'वर्गीकरणानंतर भरावे.' संग्रहपालांनी तो रकाना सोडून बाकीचे चौतीस भरले, डबी खिशात घातली आणि आवक शाखेत गेले. आवक शाखेच्या बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तीन प्रतींत लागतो."

"अर्ज तीन प्रतींतच आहे, बाई."

"सहपत्रंसुद्धा तीन प्रतींत. सहपत्र क्रमांक एक, खनिजाचा नमुना."

"अहो, दगडाची प्रत कशी काढणार? फोटो लावू का?"

"फोटो म्हणजे नमुना नव्हे. आणि प्रत कशी काढायची ते आम्ही सांगायचं का? खनिज कक्षात तुम्ही आहात की मी?"

मुद्दा बिनतोड होता. संग्रहपाल आपल्या टेबलाशी परतले. आईच्या ऑपरेशनची तारीख जवळ आली होती. शेवटी त्यांनी मनाची समजूत घातली, ती शास्त्रीय होती. या खनिजाला एका दिशेने सरळ, स्वच्छ फुटण्याचा गुण आहे. वहीत तशी नोंदही आहे. तेव्हा फुटला तरी गुणधर्माला धरूनच फुटेल. त्यांनी पातळ पाते टेकवले आणि हलकेच ठोकले. दगडाचे तीन छान तुकडे झाले.

आता प्रती साक्षांकित करून घ्यायच्या होत्या. साक्षांकन अधिकारी साहेब भला माणूस होता. त्याने तिन्ही तुकड्यांवर जांभळ्या शाईचा शिक्का जमेल तसा उठवला. मग विचारले, "मूळ कुठे आहे?"

"साहेब, हेच मूळ. त्याचेच तीन केले."

"म्हणजे या तीन प्रती. मूळ दाखवा, पडताळून बघायला नको?"

"मूळ आता राहिलं नाही, साहेब."

साहेबाने सहानुभूतीने मान हलवली आणि शेरा लिहिला: 'प्रती बरोबर आहेत. मूळ नमुना अस्तित्वात असल्याचे आढळून आले नाही.' खाली सही, तारीख. प्रकरण वर्गीकरण शाखेकडे गेले.

वर्गीकरण शाखेची यादी फार जुनी होती आणि तिच्यात आर्सेनेट हा शब्दच नव्हता. शाखाप्रमुखांनी संग्रहपालांना खुर्ची दिली. "हे बघा, आपल्याला कुणाला अडवायचं नाहीये. फक्त बसवायचं कशात ते सांगा."

संग्रहपाल खुलले. असा प्रश्न त्यांना एकतीस वर्षांत प्रथमच कुणी विचारला होता. टेबलावरची पेपरवेटे मांडून त्यांनी समजावले की, फॉस्फेट, आर्सेनेट आणि व्हॅनेडेट ही एका घरातली भावंडे. मधोमध बसणारा वेगळा, पण भोवती चार ऑक्सिजनची बैठक तीच. म्हणून ग्रंथांतही तिघांचे प्रकरण एकच असते.

"म्हणजे एकाच कुटुंबातले?"

"अगदी बरोबर!"

"मग झालं तर. यादीत यांच्यातला फॉस्फेट आहे. कुटुंबप्रमुखाच्या नावावर टाकून देऊ."

"अहो, पण..."

पण शाखाप्रमुखांनी तोवर टिपण लिहिले होते. फॉस्फेटचे सर्व विषय खत विभागाकडे जातात, हे सर्वांना माहीत आहे. तिथे प्रत क्रमांक एक गेली आणि आठ दिवसांत पत्र आले: 'सदर पदार्थ कोणत्या पिकास, किती मात्रेत द्यावा, ते कळवावे.' संग्रहपालांनी कळवले की, हे खत नाही, पिकास कृपया देऊ नये. या उत्तरात मात्रा नमूद नसल्याने खत विभागाने प्रचलित मात्रा धरली. प्रत कुटून एका कुंडीत घातली, वर मिरचीचे रोप लावले, आणि एकविसाव्या दिवशी अहवाल पाठवला: 'रोप मेले. पदार्थ निकृष्ट दर्जाचा असून पुरवठादाराकडून खुलासा मागवावा.' पुरवठादार म्हणून संग्रहपालांचे नाव होते. त्यांनी खुलाशात आर्सेनिक हा शब्द लिहिला. लिहायला नको होता. पण खोटे लिहायची त्यांना सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी विष नियंत्रण कक्षाची दोन माणसे हातमोजे घालून आली आणि प्रत क्रमांक दोन पिशवीत घालून घेऊन गेली. संग्रहपाल त्यांच्यामागे धावत त्यांच्या कार्यालयापर्यंत गेले. तिथल्या निरीक्षकबाई कामाला वाघ होत्या.

"यानं आजवर किती लोक दगावले?"

"एकही नाही. आमच्या कपाटात चाळीस वर्षं होता."

"म्हणजे न वापरलेलं विष." त्यांनी लिहून घेतले. "साठवणुकीचा नियम असा आहे की, विष कोरडं पाहिजे. आर्द्रता अर्ध्या टक्क्याच्या आत. यात तर तुम्हीच अठ्ठावीस टक्के पाणी लिहिलंय."

"बाई, ते पाणी त्याच्या अंगातलं आहे! स्फटिकाच्या रचनेतलं. ते गेलं की स्फटिकच जातो. रंगसुद्धा त्या पाण्यामुळे टिकतो."

"अंगातलं असो नाहीतर अंगावरचं असो, पाणी ते पाणी," निरीक्षकबाई म्हणाल्या आणि प्रत भट्टीत ठेवली. दोन तासांनी बाहेर आली ती चिमूटभर फिकट भुकटी. आर्द्रता शून्य. बाईंनी नियमपालनाबद्दल संग्रहपालांचे अभिनंदन केले.

घरी आईने विचारले, "झालं का रे बाबांचं काम?" तिच्या डोळ्यांवर पट्टी होती, हे संग्रहपालांना त्या क्षणी फार बरे वाटले, आणि बरे वाटल्याची लाजही वाटली. "होत आलंय," ते म्हणाले.

उरली प्रत क्रमांक तीन. ती फाइलीतली प्रत, त्यामुळे तिला कुणी हात लावणार नव्हते. तिला फाइलीच्या पान एक्केचाळीसवर दोऱ्याने शिवले होते. फाइल आता अंतिम मंजुरीसाठी वर निघाली होती आणि वाटेत सव्वीस टेबले होती. गुणधर्मांच्या रकान्यात संग्रहपालांनी प्रामाणिकपणे लिहिले होते: 'कठीणपणा अडीच. नखाने ओरखडा उमटतो.' आणि प्रत्येक टेबलावरील अधिकाऱ्याने 'वरील बाबींची मी स्वतः खात्री केली आहे' असे लिहून सही करायची होती.

कुणी म्हणेल, सरकारी माणसे न बघता सह्या करतात. इथे तसे घडले नाही, हेच दुर्दैव. सव्वीसच्या सव्वीस जणांनी खात्री केली. काहींनी दोनदा केली, कारण पहिल्यांदा ओरखडा नीट दिसला नाही. एकाने पूर्वीचा ओरखडा वैध धरता येईल का, असा सल्ला मागितला. सल्ला आला की धरता येणार नाही, नव्याने काढावा. एक जण रजेवर होता म्हणून त्याच्या प्रभारीने काढला, आणि मग तो रुजू झाल्यावर त्यानेही. फाइल सर्वोच्च टेबलावर पोचली तेव्हा पान एक्केचाळीसवर एक सैल दोरा आणि मोरपंखी डाग होता. मोठ्या साहेबांनी डागावरून नख फिरवले, नखाला रंग लागला, त्यांची खात्री पटली. त्यांनी सही केली.

प्रमाणपत्र आले. जाड कागद, सोनेरी कड, उठावाचा शिक्का. 'वर्ग: इतर. पोटवर्ग: इतर. नमुन्यांची संख्या: तीन (प्रतींत).' शोधकाच्या रकान्यात वडिलांचे नाव घालावे म्हणून संग्रहपालांनी अर्ज केला होता. पण शोधकाने समक्ष येऊन सही करावी लागते, आणि वडिलांना ते जमण्यासारखे नव्हते. तेव्हा कागदोपत्री या खनिजाची सर्वांत जुनी नोंद कुठे सापडते ते तपासण्यात आले. 'शोधक: आवक शाखा.'

वर्गीकृत खनिज पंधरा दिवसांत प्रदर्शनात ठेवणे बंधनकारक असते. काय ठेवायचे, याबद्दल नियम काही बोलत नाही. मधल्या दालनात काचेची पेटी आली, निळे मखमली कापड आले, वरून दिव्याचा झोत आला आणि त्यात प्रमाणपत्र ठेवण्यात आले. आवक शाखेच्या बाईंचा सत्कार झाला. लोकांची रीघ लागली. लोक काचेत डोकावत, 'वा!' म्हणत, मुलांना उचलून दाखवत, फोटो काढत आणि दाराशी ठेवलेल्या अभिप्राय वहीत सही करत. 'अप्रतिम.' 'ज्ञानात भर पडली.' एकाने लिहिले, 'प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय कल्पना येत नाही.'

आई आली ती नव्या चष्म्यासह आणि इस्त्रीच्या कपड्यांत. हातात पत्र्याची रिकामी डबी. का आणली कुणास ठाऊक. तिने काचेला नाक लावले, डावीकडून बघितले, उजवीकडून बघितले.

"दगड कुठे आहे रे?"

संग्रहपाल म्हणाले, "आई, तीन प्रती लागत होत्या."

"म्हणून तू फोडलास?"

"हो."

"अरे, मग नाही देत म्हणायचं होतंस ना!"

ख-सातमध्ये पस्तीस रकाने होते. हा त्यात नव्हता. एकतीस वर्षांत संग्रहपालांना एकदाही सुचले नव्हते. ते तिथेच, एवढा मोठा माणूस, डोळ्यांना रुमाल लावून रडले. आईने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर काचेवरच होती. तिला आता लांबचेही स्पष्ट दिसत होते.

"आणि हे काय? नावापुढे नुसतंच 'वर्गीकरणानंतर भरावे'? त्याचं नाव काय ठेवलंत मग?"

मागची रांग चुळबुळली. "आजी, पुढे सरका की, आम्हालाही बघायचंय." पहारेकऱ्याने अदबीने सांगितले, "आजी, चार हजार लोक येऊन गेले. हे आजवर कुणी विचारलं नाही."

हसू येते ना त्या चार हजारांचे? हसा. फक्त एवढे लक्षात असू द्या की, या हकिगतीत त्या खनिजाचा रंग आला, कठीणपणा आला, पाण्याची टक्केवारीसुद्धा आली; नाव काही आले नाही, आणि म्हातारीने तोंड उघडेपर्यंत तुम्हीही ते विचारले नाहीत. वही दाराशीच आहे. जाता जाता सही करा.