अण्णांची साप्ताहिक सुट्टी

दौलतअण्णांना रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी त्यांना रविवारची सुट्टी लागते.

मग सोमवार ते शनिवार ते करतात काय, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. भोकरदनच्या एका शाळेत गणित शिकवायला म्हणून मी आले आणि अण्णांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. त्याच आठवड्यात माझ्या दाराची कडी निघून हातात आली. मंगळवार होता. अण्णा दारात खुर्ची टाकून पेपर वाचत बसले होते. एसटीच्या वर्कशॉपात चौतीस वर्षं मेकॅनिक होते असं कळलं होतं, म्हणून मधल्या कमरेएवढ्या भिंतीवरून मी विचारलं, "अण्णा, जरा दोन स्क्रू आवळून देता का?"

त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडं पाहिलं. "मॅडम, आज वर्किंग डे हाय. घरगुती काम रविवारी."

आणि पुन्हा पेपरात शिरले. पाच दिवस मी दाराला आतून भरलेली बादली लावून ठेवली. रविवारी सकाळी सातला ती बादली सरकल्याचा आवाज आला. दारात अण्णा उभे. अंगात जुना खाकी गणवेश, कानावर पेन्सिल, हातात पेटी. म्हणाले, "चला, गाडी पिटात घ्या."

वर्कशॉपात बसच्या खाली उतरून काम करायला जो लांबट खड्डा असतो, तो पिट. अण्णांच्या मते जगात दुरुस्त होणारी प्रत्येक वस्तू आधी पिटात घ्यावी लागते. मिक्सर, पंखा, नळ, सगळं. गयाकाकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, एकदा ताप आला तेव्हा मी विचारपूस करायला गेले, तर म्हणाले, "इंजिन तापलंय. पाणी घालून राह्यलो." काम झालं की हात पुसत दोन शब्द: "गाडी ओके." माझी कडी त्यांनी अशी ओके केली की आता भिंत पडली तरी कडी जागेवर राहील.

वर्किंग डेला अण्णा सकाळी स्टँडवर जाऊन कोणती गाडी वेळेवर सुटली ते बघून येतात. मग दिवसभर खुर्चीत बसून रस्त्यावरच्या गाड्या ऐकतात. ऐकतातच, बघत नाहीत. "ही केदारखेड्याची. क्लचप्लेट गेली हिची." एवढं बोलून पान उलटायचं. ही त्यांची ड्युटी.

सुतारकामाची आवड त्यांना रिटायर झाल्यावर लागली. जन्मभर लोखंडाशी संसार केलेला माणूस. त्यांचा खिळ्यावर विश्वास नाही आणि फेविकॉलला ते खीर म्हणतात. लाकडाला लाकूड जोडायचं तर नटबोल्टनंच, तोही बसच्या तोलाचा. त्यांनी केलेल्या पाटावर मी एकदाच जेवायला बसले. आठ बोल्टांची डोकी कुठं कुठं आहेत ते मला अजून सांगता येईल. त्यांचा चपलांचा स्टँड हलवायला दोन माणसं लागतात. असे दोन स्टँड आहेत. घरात माणसंही दोनच. एकुलती मुलगी घनसावंगीला दिलेली.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण तेव्हा मला अण्णांचा राग यायचा. त्याचं कारण काकू.

गयाकाकू छप्पन्न वर्षांच्या. त्यांनी माहेरी, केदारखेड्याला, जाऊन शाळेतून आपला जुना दाखला काढून आणला आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बाहेरून बसल्या. कुणाला न विचारता. पहिल्या वर्षी बाकी सगळे विषय सुटले, गणित राहिलं. मग भाजी निवडण्याचं निमित्त करून त्या माझ्याकडं यायला लागल्या. बीजगणितावर त्यांची एकच तक्रार होती. "मॅडम, ह्या एक्सची किंमत दर गणितात बदलती कशी? एकदा काय ती ठरवून टाका की."

अण्णांना हा विषय म्हणजे करमणूक. "काय कलेक्टरीणबाई, आज जिल्ह्याचा कारभार काय म्हणतो?" निकालात गणित गेलं त्या दिवशी ते म्हणाले, "गाडी ब्रेकडाऊन!" काकू तीन दिवस बोलल्या नाहीत. मी मनात म्हटलं, ह्या माणसाला एकदा खरंच पिटात घ्यायला पाहिजे.

तर तो जानेवारीतला रविवार. परीक्षेला महिना-सव्वा महिना उरलेला. सकाळी सातपासून शेजारी कामांचा सपाटा सुरू झाला. नळाचा वॉशर, टाकी धुणं, बिजागऱ्यांना तेल. नऊच्या सुमारास ठोकाठोक सुरू झाली आणि मागोमाग काकूंचा आवाज.

"अहो, बंद करा ना ते! मला काही वाचू देता का न्हाई?"

"सुट्टीच्या दिवशी काम करू नको तर कव्हा करू?"

"तुम्हाला रोजच सुट्टी हाय!"

ठोकाठोक थांबली. हे वाक्य अण्णांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी भिंतीशी जाऊन पाहिलं. अण्णा हातात हातोडी धरून अंगणात तसेच उभे होते. काकू स्वयंपाकघरात ओट्याशी वाकून वाचत होत्या. त्यांचे गुडघे दुखायचे, खाली बसणं जमायचं नाही, आणि घरात टेबल नाही. मसाल्याच्या डब्याला पुस्तक टेकवून त्या उभ्यानं अभ्यास करायच्या. एका हातात पेन, दुसऱ्या हातात झारा.

हे मी वर्षभर बघत होते. शिक्षिका असून मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, हे इथं कबूल करते.

अकराला काकू केदारखेड्याला हळदीकुंकवाला म्हणून निघून गेल्या. जाताना नेहमीसारखं "येते" म्हणाल्या नाहीत. त्यांची जीप गेली असेल-नसेल, तोच भिंतीवरून हाक आली. "मॅडम, जरा फळी धरता का? जल्दी."

मला जायचं नव्हतं, पण गेले. माझी कडी आठवली. जुन्या दाराची सागवानी फळी होती, तीन बाजूंनी रंधा मारलेली.

"काय करताय?"

"चपलांचा स्टँड."

"तिसरा?"

"न्हाई तर काय."

"पण अण्णा, ही फळी तिरकी लावताय. चपला घसरतील."

"घसरू द्या." पेन्सिलीनं खूण करत त्यांनी सहज विचारलं, "तुमचं ते गणिताचं पुस्तक रुंदीला किती असतं?"

"कशाला?"

"आसंच. जनरल नालेज."

मला कळलं. मी फळी घट्ट धरली. पुढचे पाच तास मी त्यांची हेल्पर होते आणि दोनदा त्यांची बोलणी खाल्ली. "बराबर धरा मॅडम, गणित नव्हं हे, चुकलं तर खोडता येत न्हाई." पायांना बाभळीचे सोट होते. चौदा बोल्ट मी मोजले. पण ह्या खेपेला प्रत्येक बोल्टाचं डोकं त्यांनी खड्डा करून आत बसवलं आणि वरून लाकडाची चकती मारून घासून सपाट केलं.

"एवढं कशाला?"

"बांगड्या अडकत्यात."

मग पुढची कड घेतली. अर्धा तास पॉलिशपेपरनं घासत बसले, हात फिरवून बघायचे, पुन्हा घासायचे. तिथं कोपर टेकणार होतं. पाटावर बसणाऱ्यांचा असा विचार ह्या माणसानं कधी केला नव्हता.

मी म्हटलं, "खुर्ची-टेबलच केलं असतं तर? काकूंना बसता आलं असतं."

"बसवलं तर ती वाचायची न्हाई. हिकडं दूध, तिकडं कुकर. तिचं ध्यान दोन्हीकडं पाहिजे. ती उभ्यानंच शिकणार." पेन्सिल कानावर खोचत म्हणाले, "फक्त वाकायला नको. ओटा तिला नऊ इंच कमी पडतो."

त्या उभ्या टेबलामागं टेकायला एक उंच स्टूलही केलं. गॅसच्या शेजारी, खिडकीत, उजेड डावीकडून येईल असं ते सगळं आम्ही बसवलं. म्हणजे आता ते टेबल काढायचं झालं तर आधी घर पाडावं लागेल.

पाचला काकू आल्या. पिशवी ठेवायला स्वयंपाकघरात शिरल्या आणि थांबल्या.

"हे काय?"

"स्टँड," अण्णा बाहेरूनच म्हणाले.

"चपलांचा? गॅसपाशी?"

"पुस्तकांचा."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मसाल्याच्या डब्यामागून बीजगणिताचं पुस्तक काढलं आणि फळीवर ठेवलं. ते घसरलं नाही. खालच्या बाजूला पट्टी होती. त्यांनी दोन्ही कोपरं टेकली. पाठ सरळ राहिली. तशाच उभ्या राहिल्या, एका पानावर नजर लावून. वाचत नव्हत्या, ते मला मागून दिसत होतं.

"माप कव्हा घेतलं माझं?"

"माप कशाला घ्यायला पाहिजे?" अण्णा हातातल्या पान्याला म्हणाले. "चाळीस वर्षं बघून राह्यलो."

काकू वळल्या. "जड किती केलंय पण," असं म्हणाल्या आणि चहा टाकायला लागल्या. साखरेचा डबा शोधायला त्यांना बराच वेळ लागला. तो समोरच होता.

अण्णा अंगणात हत्यारं पुसत बसले. मी शेजारी पायरीवर टेकले. "गाडी ओके" म्हणतील म्हणून वाट बघितली, पण ते म्हणाले नाहीत. पाना पुसून झाला तरी पुसत राहिले.

"मॅडम, ती आठवी पास होऊन आल्ती," ते म्हणाले. "लग्नाच्या पेटीत नववीची पुस्तकं घेऊन आल्ती. भावाकडून मागून आणल्ती. मी म्हटलं व्हतं, नोकरी लागू दे मला, तुला शाळेत घालतो. नोकरी लागली दोन वर्षांनी."

"मग?"

"मंग काही न्हाई. डबल ड्युटी, पोरगी, आईचं दुखणं. ती कव्हाच बोलली न्हाई, मला वाटलं इसरली. म्हणून मी बी इसरलो." घरात कप वाजले तसा त्यांनी आवाज उतरवला. "पोरीची शाळा सुरू झाली की पुस्तकाला कव्हर घालायला ही दोन-दोन तास लावायची. मी म्हणायचो, काय चिवट बाई हाय, कव्हर घालून राह्यली. ती वाचत व्हती, मॅडम. दरसाली. तिनं फारम भरला तव्हा माझ्या ध्यानात आलं. आता हे कसं बोलायचं तिला? म्हणून चेष्टा करतो."

चहा आला. अण्णांनी पाना पेटीत ठेवला आणि कप घेतला.

निकालाचं आधीच सांगून टाकते, काकू गणितात पास झाल्या. एक्सची किंमत शेवटपर्यंत बदलत राहिली, पण त्यांनी ते मनावर घेणं सोडलं. मला आठवण राहिलीय ती पेपरच्या दिवसाची.

गणिताच्या दिवशी गणिताच्या शिक्षकांना सुपरव्हिजन देत नाहीत, म्हणून मी मोकळी होते. सेंटरवर गेले तर गेटबाहेर आईबापांची गर्दी. त्यांत अण्णा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हातात पाण्याची बाटली आणि काकूंच्या चपला. गुडघ्यांना बरं पडावं म्हणून काकू आत मऊ बूट घालून गेल्या होत्या, आणि बूट चावले तर म्हणून ह्या चपला सोबत. बुधवार होता, म्हणजे वर्किंग डे.

शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी त्यांना विचारलं, "पोरगा का पोरगी?"

"मालकीण," अण्णा म्हणाले.

आजूबाजूचे हसले. अण्णा हसले नाहीत, चिडलेही नाहीत. घंटा झाली, पेपर वाटले असतील. बाकीचे हळूहळू चहाच्या गाड्याकडं पांगले. अण्णा जागचे हलेनात. मी म्हटलं, "चला, चहा घेऊ, दोन तास आहेत अजून."

"तुम्ही घ्या." मग थोडं जवळ सरकून, कुणी ऐकत नाही ना बघून त्यांनी विचारलं, "मॅडम, अकरावीच्या फारमवर पालकाची सही लागती ना?"

"लागते बहुतेक."

"तिथं नवऱ्याची चालती का?"

मला माहीत नव्हतं. तरी मी म्हटलं, "चालेल."

त्यांनी मान हलवली, चपला ह्या हातातून त्या हातात घेतल्या, आणि गेटच्या गजांतून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्यांकडं बघत उभे राहिले.