बिनसामन्यांचा मोसम

कोणत्याही संघाचा खरा मोसम सामने संपल्यावर सुरू होतो. सामने चालू असले की खेळाडू मध्ये मध्ये येतात, हरतात आणि चांगल्या चर्चेचा विचका करतात. नोव्हेंबर ते मार्च मात्र हरायची सोयच नसते.

डब्लिनच्या सँट्री भागातला ‘बगळे आयर्लंड’ हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप याच तत्त्वावर उभा आहे. अमेरिकेतल्या मिलब्रुक हेरन्स या बेसबॉल संघाचे हे मराठी चाहते. (हेरन म्हणजे बगळा.) मिलब्रुक नेमके कुठे, ते विचारू नये, ग्रुपमधले बहुतेक जण ज्या कंपनीत आहेत तिचे मुख्यालय तिथे आहे एवढे पुरे. एका नाताळात कंपनीने सगळ्यांना बगळ्याच्या टोप्या फुकट वाटल्या, आणि फुकट मिळालेल्या वस्तूशी आपला माणूस इमान राखतो. हेरन्सचे सामने इथल्या वेळेने मध्यरात्री सुरू होतात, त्यामुळे ग्रुपमधल्या कोणीही अख्खा सामना पाहिलेला नाही. त्याने मते स्वच्छ राहतात.

याला अपवाद एकच होता, चित्रा. ती कंपनीत रात्रपाळीला असायची आणि टेबलाच्या कोपऱ्यात सामना लावून ठेवायची. तिला खेळ कळायचा, म्हणून ग्रुपवर ती कमी बोलायची. एप्रिलमध्ये ती गेली. तिच्या नवऱ्याला, पद्माकरला, ग्रुपने आठवड्याभरात सभासद करून घेतले. अशा वेळी नक्की काय करायचे असते ते कोणाला ठाऊक नसते, आणि ग्रुपमध्ये घेणे सगळ्यात सोपे असते.

पद्माकर विमानतळावर सुट्या भागांच्या स्टोअरमध्ये काम करतो. बेसबॉलमध्ये किती माणसे खेळतात हे त्याला आजही सांगता येणार नाही. तरी हिवाळ्यात त्याचा ग्रुपवर मोठा दबदबा झाला. तो आठवड्यातून एकदा, जेवण झाल्यावर, एकच वाक्य टाकायचा. ‘कॅचर बदला.’ (कॅचर म्हणजे बेसबॉलचा यष्टिरक्षक.) त्यावर साठ-सत्तर मेसेज पडायचे. पुढच्या आठवड्यात टाकायचा, ‘कॅचर बदलू नका.’ त्यावर नव्वद. संघाच्या मॅनेजमेंटने कोणाला घ्यावे, कोणाला सोडावे, कोणाची अक्कल गहाण पडली आहे, यावर शहाणी माणसे एकमेकांचे बाप काढायच्या बेतात येत. एवढी खोल दृष्टी आपल्यात कोणाचीच नाही, असे उल्हास जाहीरपणे म्हणाला.

दृष्टी वगैरे काही नव्हती. चित्राचा फोन पद्माकरने स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये (इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि वर्षभरात आपणही म्हणू लागतो) चहा-साखरेच्या डब्यांशेजारी चार्जिंगला लावून ठेवला होता. ग्रुप पेटला की तो फोन वाजायचा. टुण, टुण, टुण. पद्माकर प्रेस उघडून मेसेज वाचायचा, त्यातले त्याला काही कळायचे नाही, मग तो प्रेस लावायचा. घरात दुसरे काही वाजत नव्हते.

जानेवारीत उल्हासने फेररचना जाहीर केली. उल्हास हा ग्रुपचा संस्थापक, एकुलता एक अ‍ॅडमिन आणि स्वतःच्या म्हणण्यानुसार जनरल मॅनेजर. बेसबॉल संघात सव्वीस खेळाडू असतात, ग्रुपमध्ये एकतीस जण होते. म्हणजे पाच जणांना मुक्त करणे क्रमप्राप्त होते. (हेरन्स सव्वीस असूनही तळाला असतात. पण एकतीस असते तर काय झाले असते, याचा विचार करावा.)

त्यासाठी रविवारी दुपारी उल्हासच्या फ्लॅटवर बैठक भरली. बाहेर पाऊस पडत होता, पण त्याला इथे कोणी बातमी समजत नाही. लिमरिकहून डॉक्टर शर्वाणी गाडी घेऊन आली, पद्माकरही आला. चिवडा पुण्याचा होता. आकडे सारंगचे होते. सारंग ऑगस्टमध्ये पुण्याहून आलेला. माणसांपेक्षा त्याची आकड्यांशी लवकर ओळख होते.

पहिले चार बिनविरोध गेले. दोघे कधीच नागपूरला परतले होते. एक जण गोल्फ खेळू लागला होता. चौथा उल्हासचा मेहुणा होता, तो का गेला हे विचारले गेले नाही.

“पाचवी केस गंभीर आहे,” सारंग म्हणाला. “एक नंबर आहे. माझ्याकडे नाव सेव्ह नाही, फोटोच्या जागी बगळा. मी आल्यापासून एक शब्द बोललेला नाही. पण प्रत्येक मेसेज वाचतो, सगळ्यावर निळी खूण.”

“म्हणजे हेर,” उल्हास म्हणाला. “दुसऱ्या कुठल्या तरी ग्रुपचा.”

“माझ्याकडे कशाला बघतोस?” शर्वाणी म्हणाली. “तुमची गुपितं चोरायला लिमरिकला काय वेड लागलंय? कॅचर बदला, कॅचर बदलू नका.”

“नंबर वाच रे.”

सारंगने नंबर वाचला. कोणाचा चेहरा हलला नाही. हल्ली कोणालाच कोणाचा नंबर पाठ नसतो. पद्माकरला दोन पाठ होते, त्यातला एक त्याचा स्वतःचा.

“तो चित्राचा आहे,” पद्माकर म्हणाला. “मी वाचतो. चार्ज करून ठेवलाय. वाजतो मग. काढायचा असेल तर काढा. नियम आहे तर आहे.”

सारंगने लॅपटॉप अर्धवट मिटला. शर्वाणी उठून चहा गाळायला गेली. उल्हासने घसा साफ केला आणि जनरल मॅनेजरला शोभेल अशा आवाजात म्हणाला, “दुखापतग्रस्तांची यादी असते. त्या यादीतला खेळाडू संघाचाच राहतो, सव्विसात धरत नाहीत. चित्राताईंना त्यात घालू.”

“चालणार नाही,” सारंग म्हणाला. नियम तो नियम. “ती यादी फक्त सामने चालू असतानाच असते. ऑफसीझनला सगळ्यांना परत मुख्य संघात घ्यावं लागतं. काकू सव्विसात धराव्याच लागतील. दुसरं कोणीतरी जायला हवं.”

“मी जातो,” पद्माकर म्हणाला.

“तुम्ही गेलात तर ग्रुपवर बोलणार काय आम्ही?” शर्वाणी आतूनच म्हणाली.

उल्हासने सगळ्यांकडे एकदा पाहिले, खिशातून फोन काढला आणि स्वतःच ग्रुपमधून बाहेर पडला. आयर्लंडच्या बेसबॉल इतिहासात जनरल मॅनेजरने स्वतःला मुक्त केल्याचे हे पहिलेच उदाहरण. (दुसरेही अजून घडलेले नाही.)

पण एकुलता अ‍ॅडमिन निघून गेला, की व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कोणालातरी आपल्या मनाने अ‍ॅडमिन करते. अर्ज मागवत नाही, मुलाखती घेत नाही. सारंगने ग्रुप उघडला आणि सभासदांची यादी खाली सरकवत नेली.

“कोण झालं?” उल्हासने विचारले. त्याला आता दिसत नव्हते.

“काकू.”

संध्याकाळी पद्माकरने घरी येऊन प्रेस उघडली. फोनवर लिहिले होते, तुम्ही आता अ‍ॅडमिन आहात. ते वाचून पद्माकर हसला. मग तिच्या फोनवरून त्याने उल्हासला पुन्हा ग्रुपमध्ये घेतले, सव्विसाचे सत्तावीस झाले, आणि चहा टाकला. चहा उकळेपर्यंत फोन वाजायला लागला होता.

तेव्हापासून ग्रुपचा कारभार उत्तम चालला आहे. नव्या जनरल मॅनेजरने एकही चुकीचा निर्णय घेतलेला नाही, कोणाला काढलेले नाही, आणि सगळ्यांचे सगळे वाचतात असा लौकिक आहे. मिलब्रुकने विचार करावा.

ज्यांना हे पोरकट वाटले, त्यांनी आपला फोन काढावा आणि नावांवरून बोट सावकाश खाली आणावे. एक नाव असे येईल, ज्याचा फोन आता येणार नाही हे तुम्हाला पक्के माहीत आहे. ते अजून तिथे का आहे, याचा खुलासा मॅनेजमेंटकडे करावा. घाई नाही. सामने मार्चपर्यंत बंद आहेत.