नमुना मैत्री-१

नवीन पनवेलच्या ‘सुखनिवास’ सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने एकमताने ठराव केला, की सभासदांच्या ऑनलाइन मित्रांची रीतसर पडताळणी व्हावी. कारणही तसंच घडलं होतं. एका सभासदाची अठ्ठावीस वर्षांची कवयित्री मैत्रीण चौकशीअंती हितेश नावाचा दाढीवाला गृहस्थ निघाली होती. सभासदाला धक्का फसवणुकीचा बसलाच, पण कविता मात्र बऱ्या होत्या, असं तो अजून म्हणतो.

पडताळणीचा अर्ज बनवायचं काम मंडळाचे सचिव कर्णिक यांच्याकडे आलं. दुसऱ्या कोणाकडे जाणार? सरकारी कचेरीच्या आस्थापना शाखेत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. कोरा कागद दिसला की त्यांना आधी रकाने दिसत. एका दुपारी त्यांनी ‘नमुना मैत्री-१’ सिद्ध केला. रकाने सत्तावीस. मित्राचं संपूर्ण नाव, आधार क्रमांक, मैत्रीचा हेतू, मैत्री किती काळ चालू ठेवण्याचा इरादा आहे, आणि ‘सदर मित्र खरा असल्याबद्दल दोन प्रतिष्ठित व्यक्तींचे दाखले’. खाली मंडळाचा पत्ता आणि सचिवांचा गोल शिक्का.

आता खरी गोम अशी, की ऑनलाइन मित्र असा कर्णिकांनाही होता. एकच. विठू कोळी, उरणजवळच्या करंजाचा. जुने रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांच्या एका ग्रुपवर दोघांची गाठ पडली. मंडळाच्याच नियमाप्रमाणे कर्णिकांनी तिथे आडनाव आणि पत्ता सांगितला नव्हता; नुसतं ‘कुमार’ लावलं होतं. रोज चारला विठूचा फोन यायचा. “कुमारभाऊ, च्या घेतला का? बिनसाखरेचाच ना?” पत्नी नीतावहिनी गेल्यापासून कर्णिकांनी चहातली साखर सोडली होती, ती साखर त्याच घालायच्या म्हणून. हे जगात फक्त विठूला माहीत होतं. विठूची बायको दमयंती गेली तेव्हा होडीवरचा रेडिओ कुठलं गाणं लावून बसला होता, ते फक्त कर्णिकांना. दोन वर्षांत प्रत्यक्ष भेट एकदाही नाही. पण चारला पाच कमी असतानाच कर्णिक फोन समोर घेऊन बसायचे.

तरी नियम तो नियम. आणि नियम करणाऱ्यानेच सवलत घेतली तर मंडळ चालणार कसं? कर्णिकांनी पहिला अर्ज विठूलाच पाठवला.

तो उघडला विठूच्या लेकीने, कीर्तीने. ती पतपेढीत कामाला. फसवणूक कशी ओळखावी याचं प्रशिक्षण तिने नुकतंच घेतलेलं. “बाबा, आधार मागतो, सही मागतो, वर शिक्का मारून पाठवतो! हा शंभर टक्के चोर आहे.”

“चोर नाय गं, कुमारभाऊ हाय तो.”

“आडनाव काय त्यांचं?”

“ते कधी इचारलं नाय.” कीर्तीने ‘मी विठूची मुलगी. फसवणूक बंद करा’ असा निरोप टाकला आणि नंबर ब्लॉक करून उडवला.

चार वाजले. फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कर्णिक बिनसाखरेचा चहा पुढ्यात घेऊन बसून राहायचे. त्यांना रडू यायचं, पण ते कोणत्या सदरात टाकावं हे कळेना.

आठवड्याने सवयीप्रमाणे त्यांनी गेटचं रजिस्टर तपासायला घेतलं. बुधवारची नोंद होती: ‘विठू कोळी, करंजा. कोणाकडे – कुमार. फ्लॅट – माहीत नाही. सोबत – सोड्यांची (सुकी कोळंबी) पिशवी.’ आणि शेऱ्याच्या रकान्यात: ‘असा इसम येथे राहत नाही. परत पाठविले.’ सही त्या दिवशी गेटवर पाळी असलेल्या सत्यजीत राणे यांची, फ्लॅट ३०१. कर्णिकांच्या समोरचं दार. सोळा वर्षं.

कर्णिक तडक राण्यांकडे गेले. “अहो, कुमार म्हणजे मी!”

“तुम्ही?” राणे मनापासून चकित झाले. “तुम्ही तर तीनशे दोन ना? कर्णिक!”

“कुमार कर्णिक. राणेसाहेब, एक उपकार करा. त्याच्या लेकीला फोन करून सांगा, की हा माणूस खरा आहे.”

“सांगतो की! शेजारधर्म आहे.” राण्यांनी फोन उचलला आणि पुन्हा ठेवला. “पण ती काही विचारील ना. तुमचा... म्हणजे स्वभाव वगैरे कसा आहे?”

दाखल्यासाठी कर्णिकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या अनुयाताईंनाही विचारलं. त्यांनी लेखी दिलं: ‘मेंटेनन्स वेळेवर भरतात.’

घरी येऊन कर्णिकांनी आपल्याच नमुन्यावर स्वतःचं नाव लिहिलं, सव्विसाव्या, दोन दाखल्यांच्या रकान्यापाशी थांबले, आणि निवृत्तीनंतर प्रथमच एक अधिकृत कागद फाडला. मग पिशवीत दोन शर्ट टाकून उरणची बस धरली.

करंजाच्या जेटीवर जाळं विणत बसलेल्या बाईला त्यांनी भीतभीत विचारलं, “विठू कोळी कुठे राहतात?”

“रेडिओवाला ना? डावा गुडघा दुखतो त्यो?” तिने वर पाहिलं. “आनि तुमी कुमारभाऊ. बिनसाखरेचा च्या. सरल जा, निळं दार.”

दारात कीर्ती आडवी उभी राहिली. ती काही विचारणार, तेवढ्यात आतून आवाज आला, “कीर्ते, च्या ठेव. चार वाजलं.”

कर्णिक दारातच ढसाढसा रडले. तिथे पाच दिवस राहिले. सोडे खाल्ले, एक रेडिओ बोलता केला.

सुखनिवासात त्या पाच दिवसांत त्यांची दखलच घेतली गेली नाही असं कोणी म्हणू नये. मंडळाच्या सभेत ते ‘हजर’ होते, तशी नोंद आहे. आणि पाचव्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर राण्यांनी लिहिलं, ‘३०२ च्या दाराला दुधाच्या पाच पिशव्या लटकत आहेत. वास येतो. कृपया उचलाव्यात.’ त्याखाली तेवीस जणांनी अंगठा दाखवून सहमती नोंदवली. बेल मात्र कोणी वाजवली नाही.

कर्णिक करंजाला होते, म्हणून ही गोष्ट हसून सांगता येते. तुमच्या समोरच्या दाराला आज किती पिशव्या आहेत, तेवढं बघून या.