पेडल पाताळात गेलं त्याची गोष्ट

"दोष ब्रेकमध्ये आहे, माझ्या पायात नाही! आणि तो मी शोधून दाखवणार म्हणजे दाखवणारच!"

बंगळुरात, मल्लेश्वरममधल्या घरात प्रमोदिनीने ही घोषणा केली, तेव्हा तिच्या हातात झारा होता आणि समोर दोन आरोप करणारे: नवरा पद्मनाभ आणि थोरले दीर दामोदर. आरोपाला पुरावाही होता. त्या आठवड्यात तिच्या गाडीने रस्त्यात दोन मुके घेतले होते. पहिला चिकपेटच्या सिग्नलला, एका रिक्षाच्या पाठीचा. दुसरा शहाळ्याच्या हातगाडीचा! दोन्ही वेळा गाडी नीट थांबलेली होती, तिचा पाय ब्रेकवर होता, आणि तरी पेडल चिखलात रुतल्यासारखं हळूहळू खाली गेलं. गाडी निघाली पुढे!

"एनम्मा, ब्रेक इल्वा?" रिक्षावाला ओरडला होता.

"आहे की! तोच दाबतेय ना मघापासून!" तीही ओरडली होती.

घरात हे कोण ऐकून घेणार? गाडीच्या बाबतीत दामोदरभावजी म्हणजे घरातलं सुप्रीम कोर्ट. ते गाडीत बसले, पेडलवर धाडकन पाय आपटला आणि बाहेर आले.

"दगडासारखा ब्रेक आहे! पद्मनाभा, काही झालेलं नाही गाडीला. बायकांचा पाय पडतो हलका, त्याला गाडी काय करणार?"

मग कोपऱ्यावरच्या गॅरेजचा मंजुनाथ आला. त्याने चारही चाकांच्या आत डोकावून पाहिलं. तेलाचा थेंब नाही. बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईल काठोकाठ. त्यानेही पेडलवर धाडकन पाय आपटला. "सरी इदे अक्का, ठीकच आहे! तुम्ही स्वल्प जोरात दाबा."

झालं! निकाल लागला. पद्मनाभने किल्ली खिशात घातली. "थोडे दिवस मी चालवतो गं. तू आपली बसने जा."

प्रमोदिनी शिकवायची ती शाळा हेब्बाळच्याही पलीकडे. पहिली बस सुटली तर दुसरी कधी येईल हे ड्रायव्हरलाही ठाऊक नसायचं. चाळिशी उलटल्यावर, सगळ्या गल्लीचं हसू सोसून ती गाडी शिकली होती. ती किल्ली अशी खिशात जाऊ द्यायची? छट्!

सोमवारी गॅस संपला म्हणून तिने माळ्यावरचा रॉकेलचा स्टोव्ह काढला. पंप मारायला लागली. भराभर मारला की हवा भरायची. सावकाश दांडा दाबला की नुसताच फुसकन आत जायचा. आतलं चामडं वाळलेलं! प्रमोदिनीचा हात थांबला. तिने पुन्हा भराभर दाबलं. घट्ट. सावकाश दाबलं. फुस्स!

"अहो!" ती अशी ओरडली की पद्मनाभ दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावत आला. "तुम्ही सगळे पेडल आपटता! मी सिग्नलला नुसता पाय ठेवून बसते! ब्रेकलाही आत असाच पंप असणार, त्याचं रबर गेलंय. सावकाश दाबलं की तेल रबराच्या कडेने मागच्या मागे परत जातं. बाहेर थेंब कशाला दिसेल?"

"स्टोव्हवरून गाडी?" पद्मनाभच्या हनुवटीवरून फेस गळला. "दामोदरअण्णाला सांगू नकोस हं, हसेल तो."

"सांगणार नाही. दाखवणार!"

संध्याकाळी तिने भावजींना कॉफीला बोलावलं आणि कॉफी गाडीतच दिली. गाडी दारासमोरच्या उतारावर, इंजिन बंद, पुढे शेजारच्या बांधकामाच्या वाळूचा भलाथोरला ढीग. साक्षीला पद्मनाभ होताच, मंजुनाथलाही बोलावलं होतं.

"भावजी, ब्रेकवर पाय नुसता ठेवायचा. आपटायचा नाही, उचलायचा नाही. आणि मला जरा सांगा, सिग्नलला गाडी कशी उभी करावी."

एवढं ऐकल्यावर भावजी थांबतात कसले! तिने पलीकडच्या खिडकीतून हात घालून हँडब्रेक हळूच सोडला. भावजींची कळी खुलली.

"त्याचं असं आहे प्रमोदिनी, गाडी उभी करणं हा मनाचा निग्रह आहे. एकदा पाय ठेवला की चाक जागचं हलता कामा नये. आता हेच बघ, मी कसा... अरे! अरे! गाडी कोण ढकलतंय?"

कुणीच ढकलत नव्हतं! तिघं हाताची घडी घालून उभी होती. पेडल भावजींच्या निग्रहासकट पाताळात गेलं आणि गाडीने वाळूत नाक खुपसलं. कॉफी सगळी शर्टावर.

"काय भावजी, पाय हलका पडला का?"

भावजी रुमालाने शर्ट पुसत बसले. मंजुनाथ डोकं खाजवत म्हणाला, "मास्टर सिलिंडर, अक्का. ब्रेकचा मुख्य पंप. रबर आतून गेलंय."

"तेच म्हणतेय मी!"

पद्मनाभने न मागता किल्ली काढून दिली. दुसऱ्या दिवशी प्रमोदिनी स्वतः जे. सी. रोडच्या सुट्या भागांच्या बाजारात जाऊन नवा मास्टर सिलिंडर घेऊन आली. मंजुनाथ तो बसवत असताना ती सासूसारखी डोक्यावर उभी.

"पेडलला पाय लागल्याबरोबर ब्रेक लागला पाहिजे. मधे जरासुद्धा ढिलं नको. पेडलमागचा तो दांडा आवळा. अजून. अजून आवळा!"

"तुम्ही सांगाल तसं अक्का," मंजुनाथ घुश्श्यात म्हणाला. "आता तुम्हीच मेकॅनिक!" आणि त्याने आवळला.

पेडल झालं पोलादासारखं! प्रमोदिनीने तिथल्या तिथे विजययात्रा जाहीर केली. नवरा शेजारी, भावजी मागे. मल्लेश्वरमच्या सिग्नलला गाडी खाडकन थांबली. पुढच्या सिग्नलला त्याहून खाडकन. "बघा! बघा!" ती प्रत्येक वेळी म्हणायची. शेषाद्री रोडला गाडी जराशी जड वाटू लागली. तिने ॲक्सिलरेटर दाबला. गाडी कण्हली. जळका वास आला.

"कुणाचा तरी कचरा पेटलाय," ती म्हणाली.

के. आर. सर्कलच्या बरोबर मधोमध गाडी थांबली ती थांबलीच. पेडल आणि सिलिंडरच्या मधल्या दांड्याला जरा मोकळी जागा लागते, म्हणजे पाय काढल्यावर ब्रेक सुटतो. ती जागाच प्रमोदिनीने शिल्लक ठेवू दिली नव्हती. प्रत्येक सिग्नलला ब्रेक धरत गेला, सुटायचं मात्र विसरला! चारही चाकं जाम. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ.

पद्मनाभ आणि भावजी उतरून ढकलू लागले. गाडी तसूभर हलेना. भावजींनी धापा टाकत पुन्हा खांदा लावला. ट्रॅफिक हवालदार शिट्टी फुंकत आला.

"गाडी तेगीरी! बाजूला घ्या! काय झालं? ब्रेक नाही का?"

प्रमोदिनीने खिडकीतून मान बाहेर काढली. पदर सारखा केला.

"नाही कसा? असा ब्रेक अख्ख्या बंगळुरात दुसऱ्या कुणाकडे असेल तर दाखवा!" ती कडाडली. आणि मग मागे वळून, जरा हळू आवाजात, "अहो, हसताय काय? ढकला!"